सर्जाला गावी परत पाठवावे का?

प्रश्न : आम्ही पुण्यात एका सोसायटीत आठव्या मजल्यावर राहतो. घरात माझे पती, नऊ वर्षांची मुलगी, सासूबाई आणि मी असे चौघे आहोत. गेल्या दिवाळीत लातूर जिल्ह्यातल्या माझ्या थोरल्या दिरांनी आम्हाला कारवानी जातीचे दोन महिन्यांचे पिल्लू दिले. आपल्या गेलेल्या बैलाच्या नावावरून भाऊजींनीच त्याचे नाव सर्जा ठेवले. आता तो दहा महिन्यांचा असून त्याचे वजन 21 किलो आहे. दोन्ही वेळा पोटभर खाऊनही त्याच्या फासळ्या दिसतात, त्यामुळे आम्ही त्याला उपाशी ठेवतो असे शेजारी उघड बोलू लागले आहेत. घरी आलेल्या कोणी त्याच्या अंगावरून हात फिरवला की तो अंग चोरतो, आणि मागच्या महिन्यात तर यांच्या मित्रावर गुरगुरला. सोसायटीमागच्या मैदानात पट्टा सोडला, तेव्हा मांजरामागे जो गेला तो चाळीस मिनिटांनी परतला. आमच्या हाकांकडे त्याने वळूनही पाहिले नाही. पुढच्या महिन्यात त्याची नसबंदी करायचे ठरले आहे. "ही रानातली जात, फ्लॅटमध्ये तिचे हाल होतात, परत पाठवून द्या," असे सगळेच सांगतात. मुलगी मात्र हे ऐकून रडते. आम्ही काय करावे? – क. ज., पुणे

उत्तर : तुमच्या पत्रात सर्जाविषयी तीन तक्रारी आहेत आणि त्यांपैकी एकही, माझ्या मते, त्याला परत पाठवण्याचे कारण ठरत नाही. फासळ्या दिसणे, परक्याचा हात नकोसा होणे आणि पळणाऱ्या प्राण्यामागे लागल्यावर हाकेला दाद न देणे ही या जातीची लक्षणेच आहेत. त्याला घरीच ठेवा, असे मी सांगेन. परंतु दोन गोष्टी जमणार असतील तरच. कुंपण नसलेल्या जागी यापुढे त्याचा पट्टा कधीही सुटणार नाही, ही पहिली. आणि आठवड्यातून निदान तीन-चार वेळा त्याला बंदिस्त जागेत जीव तोडून धावायला मिळेल, ही दुसरी. या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध वाटतील, पण कारवानी पाळणाऱ्या शहरी माणसाची सारी कसरत या दोहोंचा मेळ घालण्यातच असते.

आधी हा प्राणी कोण आहे ते पाहू, कारण भाऊजींनी तुम्हाला पिल्लू दिले असले तरी ही माहिती बहुधा दिलेली नाही. त्यांच्याकडे ती सर्वांनाच ठाऊक असते, म्हणून सांगण्याची गरज त्यांना वाटली नसावी. लातूर-सोलापूरकडे ज्याला कारवानी किंवा कारवान म्हणतात, त्यालाच कर्नाटकात मुधोळ म्हणतात. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद कॅरव्हान हाउंड म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. तेव्हा एकाच आईच्या दोन पिल्लांच्या कागदांवर दोन वेगळ्या जाती दिसल्या तर गोंधळून जाऊ नये. ज्यांच्या कानांवर, पायांवर आणि शेपटीवर रेशमी केस असतात त्यांना पश्मी म्हणतात. मुधोळ हे घोरपडे घराण्याचे मराठा संस्थान, आज ते बागलकोट जिल्ह्यात आहे. त्या भागातल्या बेरड शिकाऱ्यांकडची ही कुत्री मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जमवून जोपासली आणि त्यांतली एक जोडी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली, असे सांगितले जाते. त्यामागचा काळ धूसर आहे, पण अरब प्रदेशातला सलुकी आणि मध्य आशियातला ताझी यांच्याशी असलेले साम्य नजरेत भरण्याजोगे आहे, आणि व्यापारी तांड्यांबरोबर, फौजांबरोबर ही कुत्री दख्खनमध्ये उतरली असे मानले जाते. कारवान हे नावही तांड्यावरूनच आले.

अलीकडच्या काळात या जातीला बराच मान मिळाला. जानेवारी 2005 मध्ये टपाल खात्याने चार भारतीय श्वानजातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. मुधोळजवळच्या तिम्मापूर येथे या जातीच्या संवर्धनासाठी कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे केंद्र आहे, आणि तिथली पिल्ले 2016 मध्ये लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी श्वानजातींचा उल्लेख केला तेव्हा त्यांत मुधोळचे नाव आघाडीवर होते. या मानाची एक बाजू मात्र त्रासदायक आहे. मागणी वाढली की विकणारेही वाढतात, ग्रेहाऊंड या परदेशी शर्यतीच्या जातीशी संकर केलेली पिल्ले अस्सल म्हणून खपवली जातात, आणि प्रत्येक पिल्लामागे एखादी शौर्यकथा जोडली जाते. या कथा कितीही रंगतदार असल्या तरी पिल्लाच्या तब्येतीविषयी त्या काही सांगत नाहीत. तुमच्याकडे तो घरच्या माणसाकडून आला, हे एक बरे झाले.

आता मैदानातल्या त्या चाळीस मिनिटांविषयी. परदेशातले मेंढ्या वळणारे कोली जातीचे कुत्रे घ्या, त्याचे काम मालकाच्या जोडीने चालते. शीळ वाजली की ते थांबते, हात उंचावला की वळते. कारवान्याचे काम नेमके याच्या उलटे आहे. उघड्या माळावर ससा उठला की तो कुत्र्याला वासाने नव्हे, तर नजरेने कळतो, आणि क्षणार्धात शिकारी माणूस मैलभर मागे पडतो. अशा वेळी धन्याकडे मान वळवून पाहणाऱ्या कुत्र्याचा ससा निसटला, आणि न पाहणाऱ्याला मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने पिल्ले राखली ती या दुसऱ्याची. तेव्हा सर्जाने तुमच्या हाकांकडे वळून पाहिले नाही, याचा अर्थ तो हट्टी आहे असा नाही. ज्या गुणासाठी त्याच्या पूर्वजांना निवडले गेले, तोच गुण त्याने पुण्यात, चुकीच्या ठिकाणी दाखवला. हा गुण शिकवून घालवता येत नाही. शिकवून फार तर इतकेच होते की समोर काही पळत नसेल तेव्हा तो हाकेला येतो, आणि तेवढे शिकवायलाच हवे: घरात, जेवणाच्या वेळी, एका ठरावीक शिटीवर, दर वेळी उकडलेल्या चिकनचा तुकडा देऊन. तो कितीही उशिरा आला तरी आल्यावर रागावू नका. चाळीस मिनिटांनी परतलेल्या कुत्र्याला ओरडा मिळाला, तर "परतलो की ओरडा मिळतो" एवढेच तो शिकतो. ही जात मुळात हळवी आहे, आवाज चढला की मनाने मिटून जाते, आणि मग आठवडाभर जवळ येत नाही.

म्हणून उघड्या जागी पट्टा नेहमी हवा, आणि तोही योग्य पट्टा हवा. कारवान्याचे डोके मानेपेक्षा अरुंद असते, त्यामुळे साधा गळपट्टा तो मागे सरकून क्षणात काढून टाकतो. ओढल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत आवळणारा, रुंद कापडी पट्टा मिळतो, त्याला मार्टिंगेल म्हणतात, तो आणावा. लांब दोर बांधून मोकळे सोडण्याची कल्पना कोणी सुचवली तर गळ्याला दोर बांधून ती अमलात आणू नका. हा कुत्रा चार-पाच ढांगांत पूर्ण वेग घेतो आणि दोर संपताच बसणारा हिसका त्याच्या लांब मानेला किंवा तुमच्या खांद्याला महागात पडतो.

मग धावायचे कुठे? पुण्यासारख्या शहरात याचे उत्तर सोपे झाले आहे, आणि ते क्रिकेटवाल्यांमुळे. बॉक्स क्रिकेटची जाळीने बंदिस्त केलेली टर्फ आता बहुतेक उपनगरांत आहेत, आणि पहाटे ती सहसा रिकामी असतात. मालकाशी बोला, कुत्र्याची घाण आम्ही उचलू असे कबूल करा आणि अर्ध्या तासाचे भाडे ठरवा. सोसायटीचे टेनिस कोर्ट असेल आणि समितीने सकाळी सहाच्या सुमारास परवानगी दिली, तर तेही चालेल. काठीला दोरी आणि दोरीला फडके बांधून ते जमिनीवरून फरफटत फिरवले, की तुमची मुलगीसुद्धा त्याला दहा मिनिटांत दमवू शकेल. त्या वेळी त्याच्याकडे नीट पाहा, कारण एका ढांगेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पूर्ण ताणलेले असताना. हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला हा कुत्रा फ्लॅटमध्ये उरलेला दिवस झोपून का काढतो, याचे कोडे पडत नाही. तो दूर पल्ल्याचा हमाल नाही, वेगाचा गडी आहे. पंधरा-वीस मिनिटे मनसोक्त धावणे आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास पट्ट्यावर चालणे, एवढ्यात त्याचे भागते. धावण्याआधी पाच-दहा मिनिटे चालवून अंग मोकळे करावे. पावसात घसरड्या फरशीवर धावू देऊ नये, आणि उन्हाळ्यात डांबर तापण्यापूर्वी घरी परतावे. कृत्रिम गवतावर तळपाय सोलवटतात, म्हणून परतल्यावर पंजे उलटे करून पाहण्याची सवय ठेवा.

फासळ्यांचा विषय त्या मानाने सोपा आहे. केनेल क्लबच्या मानकानुसार कारवानी नराची खांद्याजवळची उंची 68 ते 72 सेंटिमीटर असते. लॅब्राडॉर नर 57 सेंटिमीटरच्या आसपास भरतो आणि तरीही त्याचे वजन 29 ते 36 किलो असते. म्हणजे सर्जा लॅब्राडॉरहून उंच आणि वजनाने मात्र मध्यम जातीतला. तुमचे शेजारी त्याची तुलना नकळत खालच्या मजल्यावरच्या लॅब्राडॉरशी करत आहेत, आणि शहरातले निम्मे लॅब्राडॉर स्वतःच लठ्ठ असतात, ही गोष्ट वेगळीच. निरोगी कारवान्याच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या आणि कमरेच्या हाडांची टोके दिसतात, पोट वर ओढलेले असते. पाहायचे ते फासळ्यांकडे नव्हे, तर मांड्यांकडे. मांडी भरीव आणि टणक असेल, कातडीला चमक असेल, शी घट्ट होत असेल, तर त्याच्या बारीकपणाची काळजी करू नका. उलट मांड्या पोकळ वाटल्या, पाठीच्या कण्याचे मणके करवतीसारखे हाताला लागले किंवा केस निस्तेज झाले, तर विष्ठेची तपासणी करून जंत आहेत का ते पाहावे, आणि आपल्याकडे गोचिडांमुळे होणारे ताप सर्रास आढळतात, म्हणून रक्तही तपासून घ्यावे. 21 किलो हे दहा महिन्यांच्या, अजून भरायच्या राहिलेल्या नरासाठी चिंताजनक वजन नाही.

खाण्यात भाकरी-दूध एवढेच देत असाल तर ते बदला. गावाकडे या कुत्र्यांना ज्वारीची भाकरी आणि ताक-दूध घालण्याची रीत आहे, आणि ती कुत्री त्यावर जगतात हे खरे, पण वाढत्या अंगाला त्यातून पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. भाकरी राहू द्या; तिच्याबरोबर रोज अंडे आणि बिनहाडाचे शिजवलेले चिकन द्या, किंवा चांगले तयार खाद्य द्या. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट पूर्ण वर्ज्य. सासूबाई प्रसादाचा शिरा प्रेमाने भरवत असतील तर त्यात बेदाणे नाहीत ना, हे पाहायला सांगा. छाती खोल आणि पोट अरुंद असल्यामुळे अशा कुत्र्यांत जठर फुगून पिळा पडण्याचा धोका असतो, म्हणून दिवसाचे अन्न दोन वेळांत विभागून द्यावे आणि जेवणाच्या आधी व नंतर निदान तासभर धावू देऊ नये. पोट फुगले आहे आणि ओकारीचा प्रयत्न करूनही काही पडत नाही, असे कधी दिसले तर सकाळपर्यंत थांबू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा.

तुमच्या पतींच्या मित्रावर तो गुरगुरला, ते मला तुमच्याइतके गंभीर वाटत नाही. कारवानी घरच्या दोन-चार माणसांवर जीव टाकतो आणि बाकीच्यांशी अंतर राखून असतो. तो सर्वांचा लाडका व्हायला जन्मलेला नाही. तुम्ही लिहिले आहे की पाहुण्यांचा हात लागला की तो अंग चोरतो. म्हणजे कित्येकदा त्याने सभ्यपणे नकार दिला, तो कोणी वाचला नाही, आणि एकदा मग त्याने आवाज चढवला. गुरगुरण्याबद्दल शिक्षा केली तर गुरगुर थांबते, नापसंती थांबत नाही, आणि पुढच्या वेळी इशारा न देता दात लागू शकतात. म्हणून शिस्त लावायची ती पाहुण्यांना. दारातच सांगावे की त्याच्याकडे पाहू नका, हात लावू नका, तो स्वतः वास घ्यायला आला तर घेऊ द्या. बैठकीपासून दूर त्याची एक हक्काची जागा असावी, आणि तो तिथे असताना मुलीनेही त्याला उठवू नये. अशी कुत्री गाढ झोपेतून दचकून उठली तर क्षणभर भान नसल्यासारखी वागतात. एक अपवाद मात्र मी करीन. तो घरच्या माणसांवर गुरगुरू लागला, किंवा अन्नाच्या भांड्याजवळ मुलीला येऊ देईनासा झाला, तर माझ्या उत्तरावर विसंबू नका. वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्यांना प्रत्यक्ष दाखवा.

नसबंदीची घाई करू नये, असे मला वाटते. उंच वाढणाऱ्या कुत्र्यांच्या हाडांची वाढ पूर्ण व्हायला वेळ लागतो. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत थांबता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भूल देण्यापूर्वी "हा ग्रेहाऊंडच्या गटातला कुत्रा आहे" हे वाक्य स्पष्टपणे सांगा. या गटातल्या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नगण्य असते आणि थायोपेंटोनसारखी औषधे त्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतात, त्यामुळे शुद्धीवर यायला धोकादायक विलंब होऊ शकतो. सुरक्षित पर्याय आज सहज उपलब्ध आहेत, पण आधी सांगितले तरच ते वापरले जातात. भुलेनंतर या कुत्र्यांचे अंग लवकर गार पडते, म्हणून एक पांघरूण बरोबर न्या. त्याचप्रमाणे पुढे कधी रक्त तपासले आणि थायरॉइडचा आकडा कमी आला, तर लगेच आयुष्यभराच्या गोळ्या सुरू करू नका. सलुकी, ग्रेहाऊंड यांसारख्या जातींत निरोगी असतानाही हा आकडा इतर कुत्र्यांपेक्षा कमी असतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. "रानातली जात रानात बरी," असे सांगणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माळावर मुक्त बागडणारा सर्जा असतो. मराठवाड्यात काही वर्षे काम करताना मी जी कारवानी कुत्री पाहिली, त्यांतली पुष्कळशी दिवसभर गोठ्याच्या खांबाला बांधलेली असत आणि शिकारीला निघाल्यावरच सुटत. त्यातही सशाची शिकार हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा ती मोकळीकही आज कोणी हक्काने देऊ शकत नाही. भाऊजींचे घर कसे आहे ते मला ठाऊक नाही. त्यांच्याकडे कुंपणाचे शेत असेल, वर्षाला रेबीजची लस नेमाने टोचली जात असेल आणि त्याच्याबरोबर धावायला कोणी असेल, तर मी वेगळे उत्तर देईन. परंतु आठ महिने चौघांच्या पायाशी झोपलेल्या, मोजक्याच माणसांना आपले मानणाऱ्या कुत्र्याला नव्या घरात रुजायला फार जड जाते, आणि तुमच्या दोन अटी पुण्यातच पाळता येत असतील तर ही उलथापालथ करण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. सोसायटीने हरकत घेतली, तर महापालिकेचा परवाना आणि लसीची नोंद जवळ ठेवा. पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे.

बाकी त्याची निगा फारशी नाही. आखूड केसांना आठवड्यातून एकदा रबरी हातमोज्याने घासले की पुरते, आंघोळ महिन्याकाठी एक. कातडी पातळ असल्याने काटा किंवा तारेचे टोक लागले तरी ती फाटते, म्हणून फिरून आल्यावर अंगावरून एकदा हात फिरवा. पावसाळ्यात त्याच वेळी कानांमागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, तेव्हा एक जुनी गोधडी दुहेरी घडी करून त्याला द्या, आणि डिसेंबरात दुसरी अंगावर घाला; पुण्याची थंडी त्याला सोसत नाही.

राहिली एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. आठव्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यावर पारवे बसत असतील, आणि पुण्यात ते बसतातच, तर ज्या नजरेने मैदानात मांजर हेरले तीच नजर तिथेही आहे, आणि झेप घेताना कठड्यापलीकडे काय आहे याचा विचार हा कुत्रा करत नाही. टर्फ ठरवायला दोन आठवडे लागले तरी चालतील. गॅलरीला आणि सरकत्या खिडक्यांना मजबूत जाळी मात्र याच आठवड्यात बसवून घ्या, आणि ती बसेपर्यंत गॅलरीचे दार बंद ठेवा.